बायझेंटाइन सम्राटाने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात का माफ केली?

नाणेप्रेमी
बायझेंटाइन साम्राज्याविषयी वाचताना एक गोष्ट मला उलगडत नाही. सम्राट हा ईश्वराचा पृथ्वीवरील प्रतिनिधी मानला जाई, राजधानी कॉन्स्टँटिनोपल भूमध्य समुद्रातून काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या जलमार्गावरच वसलेली होती, आणि मालावर साधारण दहा टक्के जकात घेतली जात असे. असे असताना पहिल्या अलेक्सियसने १०८२ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना ती माफ करून राजधानीत धक्के आणि दुकाने का दिली? यात धर्माचा काही संबंध होता का?

पूर्वसागर
तात्कालिक कारण अगदी व्यवहारी होते. १०८१ मध्ये दक्षिण इटलीतून आलेल्या रॉबर्ट गिस्कार्डच्या नॉर्मन सैन्याने आजच्या अल्बानियातील दुरेस बंदराला वेढा घातला, तेव्हा साम्राज्याचे आरमार दुबळे झाले होते, आणि शतकानुशतके जवळजवळ शुद्ध राहिलेल्या सुवर्णनाण्यात इतकी भेसळ झाली होती की रोख मोबदला देण्याची ऐपत खजिन्यात उरली नव्हती. जकातमाफी ही मदतीला आलेल्या व्हेनिसच्या जहाजांची किंमत होती. सनदेचे साल १०८२ की १०९२, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती व्यापाराकडे पाहण्याची तिथल्या सत्तेची दृष्टी. दहाव्या शतकाच्या आरंभी, सहाव्या लिओच्या काळात, राजधानीच्या नगरप्रमुखासाठी जे नियम संकलित झाले, त्यांत कच्चे रेशीम घेणारे, विणणारे आणि तयार वस्त्रे विकणारे यांच्या श्रेणी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, तर बाहेरून माल घेऊन येणाऱ्यांना तीन महिन्यांहून अधिक मुक्काम करता येत नसे. कीव्हकडून येणाऱ्या रूस व्यापाऱ्यांवर तर आणखी कडक बंधने होती: मुक्काम तटाबाहेर, शहरात प्रवेश एका वेळी पन्नास जणांना, तोही निःशस्त्र आणि एकाच दरवाजाने, शिवाय ९४४ च्या तहानुसार पन्नास सुवर्णमुद्रांहून महाग रेशीम त्यांना घेता येत नसे. सर्वांत उंची जांभळे रेशीम खुल्या विक्रीला नव्हतेच, कारण ते अधिकारपदाचे चिन्ह आणि परकीय दरबारांना द्यायचा नजराणा होता. ९६८ मध्ये राजदूत म्हणून आलेला क्रेमोनाचा बिशप लिउटप्रांड अशी वस्त्रे घेऊन निघाला, तेव्हा ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली, आणि त्याचा थयथयाट त्याच्याच लेखणीतून आजही वाचता येतो. अशा दरबाराच्या लेखी सवलत म्हणजे बरोबरीच्या दोन पक्षांमधला करार नव्हे, तर सम्राटाची कृपा होती.

कल्याणकर
धर्माच्या प्रश्नाला एक जुना दाखला देतो. सहाव्या शतकात रेशमाचा बहुतेक व्यापार इराणच्या हाती होता. ५३१ च्या सुमारास जस्टिनियनने अक्सुमच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, ख्रिस्ती राजाकडे दूत पाठवून, आपण एकाच धर्माचे असल्याने तुम्ही भारतातून रेशीम घ्यावे आणि ते आम्हाला विकावे, अशी गळ घातली. बेत फसला, कारण भारतीय जहाजे ज्या बंदरांत लागत तिथे इराणी व्यापारी आधीच पोहोचून सगळा माल उचलत असत. त्याच शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ नावाच्या बंदराचा उल्लेख करतो, जे सामान्यतः आपले कल्याण समजले जाते, आणि तिथे इराणमधून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्तीसुद्धा कॉन्स्टँटिनोपलच्या नव्हे, तर इराणी चर्चच्या छत्राखाली होते. धर्म पोहोचला तोही बहुधा व्यापाराच्याच वाटेने. पुढे ५५२ च्या सुमारास काही भिक्षूंनी रेशीमकिड्यांची अंडी पूर्वेकडून आणून दिली, आणि साम्राज्यात स्वतःचे रेशीम तयार होऊ लागले.

व्याजाच्या बाबतीतही धर्माला व्यवहारापुढे माघार घ्यावी लागली. सम्राट पहिल्या बेसिलने धर्माज्ञेला अनुसरून व्याज बंद केले, पण त्याचा वारस सहावा लिओ याने, कायदा थोर असला तरी मानवी स्वभावाला ती उंची पेलत नाही, असे कारण देऊन चार टक्के व्याजाला पुन्हा परवानगी दिली.

नाणेप्रेमी
उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. मग जकात भरणारे स्थानिक व्यापारी या सवलतीमुळे बुडाले का?

पूर्वसागर
सरसकट तसे म्हणता येणार नाही. इटलीतील पिसा शहराला ११११ मध्ये आणि जेनोआला ११५५ मध्ये दहाऐवजी चार टक्के जकातीची सवलत मिळाली, तरी बाराव्या शतकात एकूण व्यापार वाढतच होता. स्पार्टाच्या परिसरातील ऑलिव्ह तेलाला व्हेनिसचे गिऱ्हाईक मिळाले, आणि जमीनदारांचे त्यात भलेच झाले. तोटा झाला तो खजिन्याचा, आणि व्हेनिसच्या लोकांचा तोरा राजधानीत अनेकांना खुपू लागला. दिलेली कृपा काढूनही घेता येते, या समजुतीने पहिल्या मॅन्युएलने १२ मार्च ११७१ रोजी साम्राज्यभरच्या व्हेनिसकरांना एकाच दिवशी अटक करून त्यांची मालमत्ता जप्त केली. त्या जप्तीच्या भरपाईचा हिशेब पुढे अनेक वर्षे चालू राहिला. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाची फौज व्हेनिसच्याच जहाजांतून राजधानीच्या तटाला भिडली.