तत्त्व धरायचं की पाइपलाइन? उपसरपंच निवडीआधी सल्ला हवाय

माणकाठची

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाही, इथले स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही. ग्रामपंचायत नऊ सदस्यांची, सरपंच थेट जनतेतून. निकाल असा लागलाय की सरपंचांच्या पॅनेलचे तीन, विरोधी पॅनेलचे तीन आणि आम्ही नवखे तीन. त्या तिघांत मी. माझं शिलाईचं दुकान आहे, राजकारणाशी संबंध एवढाच की सासरे आयुष्यभर लाल बावट्याचे.

प्रचारात आम्ही मटणाच्या पंगती घातल्या नाहीत, पाकिटं वाटली नाहीत. एक पत्रक छापलं, त्यावर दोनच गोष्टी. ग्रामपंचायतीचा जमाखर्च दर महिन्याला चावडीच्या फळ्यावर लागेल आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीला नळ मिळेल. वस्ती बौद्ध आणि मातंग समाजाची. उन्हाळ्यात टँकर येतो तो ओढ्याच्या अलीकडेच थांबतो. म्हणे रस्ता खराब, चाक रुततं. मग बायका हंडे घेऊन ओढा उतरतात आणि भरलेले हंडे घेऊन चढतात. ब्लाउज शिवायला येणाऱ्या निम्म्या बायका तिथल्याच, त्यामुळे कुणाची कंबर धरली आणि कुणाचा पाय मुरगळला हे मला माप घेताघेता कळतं.

आता सरपंचांचा निरोप आलाय. उपसरपंचपद तुम्हाला, पहिल्याच मासिक सभेत वस्तीच्या पाइपलाइनचा ठराव. बदल्यात मागच्या टर्ममधलं मळ्याच्या रस्त्याचं मुरमाचं बिल उकरायचं नाही. (त्या रस्त्यावर मुरमाचा खडाही नाही. बिल मात्र निघालंय.)

विरोधी पॅनेल म्हणतं, आमच्याकडे या, सगळं बाहेर काढू. पण त्यांना हिशेब नकोय, सूड हवाय. आणि वस्तीनं त्यांना मतं दिली नाहीत, त्यामुळे पाइपलाइनचा विषय निघाला की ते चहा मागवतात.

सासरे म्हणतात, शब्द पत्रकावर छापलाय ना, मग जगाला कशाला विचारतेस? आमच्यातला एक सदस्य म्हणतो, आधी पद घ्या, मुरमाचं नंतर बघू. गुरुवारी निवड आहे. काय करावं?

रोखठोक_पंढरपूर

ताई, सरळ विरोधात बसा. आज मुरमावर गप्प बसलात की उद्या गटारीवर आणि परवा दिवाबत्तीवर. तुम्हाला खुर्ची देतायत ती तुमचं तोंड बंद करायला. गावाला कळत नाही असं समजू नका.

आटपाडीचा_पुण्यात

वर लिहिलंय ते ऐकायला बरं वाटतं, पण ताईंच्या स्वतःच्या तालुक्याचा इतिहास तसा नाही. गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले, पहिल्यांदा 1962 साली, तेही लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप). म्हणजे बहुतेक सगळी वर्षं विरोधी बाकावर. साधेपणाबद्दल त्यांचं नाव आजही घेतात. पण 1978 ला शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं तेव्हा ते त्यात मंत्री झाले. त्या मंत्रिमंडळात जनता पक्षातून आलेले जुने जनसंघवालेही होते. लाल बावटा आणि जनसंघ एका टेबलावर! पुढे 1999 ला ते पुन्हा मंत्री झाले, या वेळी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारात. ज्या काँग्रेसला शेकापनं जन्मापासून विरोध केला, तिच्याच सोबत. म्हणून गणपतराव आबांना कुणी बाटगा ठरवलं नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. 2002 मध्ये शेकापनं त्या सरकारचा पाठिंबा काढला. शेतकऱ्याच्या प्रश्नावर किंवा रोजगार हमीवर काढला असता तर मान ताठ राहिली असती. ठिणगी पडली रायगड जिल्हा परिषदेतल्या सत्तेच्या भांडणावरून. माझ्या मते तत्त्वाचे पक्ष कुणासोबत बसले यापेक्षा कशावरून उठले ते बघावं. तुम्ही बसायला हरकत नाही. कशावरून उठणार हे गुरुवारच्या आधी तिघांनी ठरवून ठेवा.

हंडा_आणि_वही

मी दुसऱ्या जिल्ह्यातला, पण अशाच वस्तीत वाढलोय. वरची चर्चा वाचताना एक गोष्ट खटकली. तत्त्व तुमचं, शब्द तुमचा, खुर्ची तुमची, आणि हंडा आमच्या आयांच्या डोक्यावर. वस्तीला विचारलंय का कुणी? पाच वर्षं विरोधात बसून तुम्ही स्वच्छ राहाल, पण ओढा कोण चढणार?

बाबासाहेबांनी काँग्रेसशी उभा दावा मांडला होता, तरी 1947 ला तिच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री म्हणून गेले. संविधानाचं काम झालं. हिंदू कोड बिल रखडवलं तेव्हा 1951 ला राजीनामा दिला, आणि का दिला ते लेखी निवेदन काढून जगाला सांगितलं. आत गेले म्हणून तोंड बंद ठेवलं नाही. तुमच्या सरपंचाच्या सौद्यात मला घाण वास येतो तो इथेच. त्यांना तुमची साथ नकोय, मौन हवंय.

माणकाठची

@हंडा_आणि_वही, विचारलं नव्हतं. तुमचं वाचून काल संध्याकाळी वस्तीवर गेले. समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसलो. बहुतेकांचं म्हणणं, नळ येऊ दे, बाकी तुमचं तुम्ही बघा. पण एक म्हातारी, वय विचारू नका, ती म्हणाली, "मळ्याच्या रस्त्याचा मुरूम खाल्ला त्यांनी, आमचा पाइप खाणार नाहीत कशावरून?" मला काही बोलता आलं नाही. कारण ठेकेदार तोच असणार.

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, म्हातारीनं मुद्द्याचं सांगितलं. आता जरा कागदाचं बोलू.

पहिलं म्हणजे पाइपलाइन हे सरपंचांचं दान नाही. 15 व्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतला 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. शिवाय स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चणं बंधनकारक आहे. मी इतक्या गावांत हे पैसे कागदोपत्री समाजमंदिराच्या रंगरंगोटीवर उडालेले पाहिलेत की बोलायची सोय नाही. विकास आराखड्यात काम आहे का ते आधी बघा. नसेल तर ग्रामसभेत घालून घ्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. तिथे वस्तीवरच्या पन्नास बायका येऊन बसल्या तर ठराव कुणाच्या बापाला अडवता येत नाही.

दुसरं, उपसरपंचपदाचा तुम्हाला वाटतो तेवढा उपयोग नाही. चेकवर सही सरपंच आणि ग्रामसेवकाची. सरपंच रजेवर गेले तर तुमचा नंबर.

तिसरं मुरूम. त्यासाठी भांडण करायचीही गरज नाही. मोजमाप पुस्तिकेची (झालेलं काम मोजून लिहितात ती वही) आणि बिलाची नक्कल माहिती अधिकारात मागा. ती मागायला सदस्य असावं लागत नाही, गावातला कुणीही मागू शकतो. माझ्या नोकरीत मी बघितलंय, अर्ज पडला की दोन दिवसांत रात्रीचे ट्रॅक्टर सुरू होतात आणि रस्त्यावर खराच मुरूम पडतो. तोही एक निकालच म्हणा.

रोखठोक_पंढरपूर

म्हणजे चोरी करून पकडला की माल परत ठेवायचा आणि सगळे खूश? वा.

निवृत्त_ग्रामसेवक

खूश कुणी नाही. पण ऊस भरलेली ट्रॉली त्या रस्त्यानं गेली पाहिजे की नको?

माणकाठची

सगळ्यांचे आभार. आम्ही तिघं काल रात्री दुकानात बसलो, शटर अर्धं ओढून. भांडण झालं, खोटं कशाला सांगू. शेवटी असं ठरलं.

उपसरपंच सरपंचांच्या पॅनेलचाच होऊ दे. आम्ही मत देऊ, पद घेणार नाही. मत कशासाठी देतोय हे सभेत मोठ्यानं सांगणार: पाइपलाइनचा ठराव पहिल्या मासिक सभेत, आणि कामाचं अंदाजपत्रक फळ्यावर. दोन्हीपैकी एक जरी झालं नाही तर दुसऱ्या महिन्यापासून प्रत्येक बिलाला आमचा विरोध, नावासकट इतिवृत्तात. मुरमाबद्दल आम्ही कसलाही शब्द दिलेला नाही, देणारही नाही. सरपंचांना आज सकाळी हे तोंडावर सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, बघू. त्या "बघू"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. विरोधी पॅनेलनं मात्र दुपारपर्यंत आम्हाला विकले गेलेले ठरवून टाकलं, व्हॉट्सअॅपवर नोटांच्या बंडलाचं चित्रसुद्धा आलं.

आमचा तो पद घ्या म्हणणारा सदस्य नाराज आहे. गुरुवारी तो हात कुठे वर करेल याची खात्री मी देत नाही. सासरेही नाराज. त्यांना विरोधातच बसायला हवं होतं. पण माहिती अधिकाराचा अर्ज ते स्वतःच्या नावानं टाकतायत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणून ठेवलंय.

@निवृत्त_ग्रामसेवक, एक विचारायचं राहिलं. मतामागचं कारण सभेत बोलले आणि ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहायला टाळाटाळ केली तर? आधीच लेखी पत्र देऊन पोच घेऊ का? मजकूर कसा असावा, जरा लिहून द्याल का?

निवृत्त_ग्रामसेवक

पत्रच द्या. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच आणि ग्रामपंचायतीचा शिक्का घ्या. शिक्का सापडत नाही म्हणाले तर तिथेच बसून राहा, सापडतो. मजकूर रात्री टाकतो.