मदत हवी आहे: रिब्रीदर वापरण्याआधी किती प्रशिक्षण पुरेसं?

नमस्कार मंडळी,

नोकरीसाठी दुबईत असतो. स्कूबा तारकर्लीला शिकलो, आता अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) हे कोर्स झालेत, फुजैराला डायव्हिंगसाठी नियमित जाणं असतं. इथला एक ओळखीचा आपला क्लोज्ड सर्किट रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं डायव्हिंगचं उपकरण) विकतोय. म्हणतो, "कोर्सवर कशाला पैसे घालवतोस? दोन वीकेंडांत मीच शिकवतो." ऑक्सिजन सेल (ऑक्सिजन मोजणारे सेन्सर) कधीचे आहेत विचारलं, तर "चालतायत की!"

किंमत चांगली आहे, पण मन धजत नाही. त्यातलं सोडा लाइम हे रसायन कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं, त्यामुळे लूपमधला (श्वास फिरतो त्या बंद मार्गातला) ऑक्सिजन घसरला तरी धाप लागत नाही, माणूस सरळ बेशुद्ध होतो म्हणे. डॉक्टर अँड्र्यू फॉक यांच्या 2013 च्या अभ्यासात रिब्रीदरवर मृत्यूचा धोका साध्या स्कूबाच्या साधारण दहापट धरलाय.

पाच-सहा दिवसांचा पहिला कोर्स पुरतो का? आधीच्या डाइव्हचा कितपत उपयोग होतो? आणि बडी (जोडीदार डायव्हर) ओपन सर्किटवर, म्हणजे साध्या स्कूबावर असला तर चालेल?

प्रतिसाद:

मशीन घ्या हवं तर, पण शिकायचं इन्स्ट्रक्टरकडूनच. कार्ड (प्रमाणपत्र) बहुधा त्या एका मॉडेलपुरतंच मिळतं, तेव्हा ते मॉडेल शिकवणारा आधी शोधा.

जुना अनुभव सुरुवातीला नडतोच. श्वास भरून किंचित वर उचललं जायची सवय असते ना, ती इथे निकामी. हवा फुफ्फुसातून काउंटरलंगमध्ये (रिब्रीदरच्या श्वासाच्या पिशवीत) जाते आणि परत येते, बॉयन्सी (तरंगण्याचा जोर) तीच राहते. चांगले चांगले डायव्हर पहिल्या दिवशी तळाला बसतात.

कोर्स म्हणजे फक्त सुरुवात. मॉड वनचं (पहिल्या कोर्सचं) कार्ड 40 मीटरचं असलं तरी पहिले बरेच तास उथळ पाण्यात काढा. पन्नासेक तास होईपर्यंत मॉड टूचं (पुढच्या कोर्सचं) नाव काढू नका, हे माझं मत. प्रत्येक डाइव्हला बेलआउटचा (लूप सोडून राखीव टाकीवर श्वास घेण्याचा) सराव हवा. चेकलिस्ट तोंडपाठ असली तरी कागदावरच टिक करायची. पाच मिनिटांचं प्री-ब्रीद (पाण्यात उतरण्याआधी लूपमधून श्वास घेऊन पाहणं) करा, पण स्क्रबर (सोडा लाइमचा डबा) नीट भरलेला नसेल तर ते त्यात कळेलच याची खात्री नाही.

ओपन सर्किटवाला बडी चालतो. मात्र तुमची बेलआउटची टाकी कुठे आहे आणि माउथपीस कसा बंद करायचा, हे त्याला पाण्याबाहेर दाखवून ठेवा. उघडा राहिला तर लूपमध्ये पाणी शिरतं आणि तुम्ही जड होता.

सेल साधारण वर्ष-दीड वर्षात बदलायचे असतात. मॉडेल आणि सेलवरची तारीख इथे टाका, मग किमतीचं बोलू.