‘भामटा’ला दुसरा शब्द सुचवा

अनघा : आमच्या पोर्टलवर ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज असतात आणि हेडिंग ठरलेलं, ‘भामट्याने घातला लाखाचा गंडा’. परवा डेस्कवरचा एक मुलगा म्हणाला, ताई, हा शब्द माझ्या जातीच्या दाखल्यावर आहे, राजपूत भामटा. तेव्हापासून लिहवत नाहीये. लहान आणि लगेच कळणारा शब्द हवाय. ‘लबाड’ मवाळ वाटतो, ‘ठकसेन’ गमतीचा.

कोशवाला : माझा विरोध आहे. भामटा म्हणजे फसवणारा हा अर्थ पूर्ण रुळलाय, वाचणाऱ्याच्या डोक्यात जात येतच नाही. एकेक शब्द असा गाळत बसलो तर मराठीत उरणार काय?

सोलापूरकर : तुमच्या डोक्यात येत नसेल, ज्याची जात आहे त्याच्या येते ना! विमुक्त जातींच्या सरकारी यादीत भामटा आहे, राजपूत भामटा आहे, कैकाडी, वडार, बेरड, रामोशी, छप्परबंद सगळे आहेत. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, इथं सोलापूरला माणसं तारेच्या कुंपणात ठेवली होती, रोज हजेरी, बाहेर पडायचं तर पास. तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणून आम्ही 31 ऑगस्टला विमुक्त दिन करतो, स्वातंत्र्य आमच्याकडं पाच वर्षं सोळा दिवस उशिरा आलं. त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. म्हातारी माणसं पत्ता सांगताना सरळ सेटलमेंट म्हणतात, नोकरीला लागलेली पोरं शेजारच्या कॉलनीचं नाव सांगतात.

कोशवाला : इतिहास मान्य. मग ‘उचल्या’चं काय, तेही जमातीचंच नाव ना? लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथनाला तेच नाव दिलं, 1988 ला साहित्य अकादमी मिळाला. त्यांना चालतं ते पेपरला का चालू नये?

तांड्यावरचा : कारण त्यांनी ते स्वतःबद्दल लिहिलंय. घरातल्याने मारलेली हाक आणि चौकीत पुकारलेलं नाव एकच का? आमचं बघा, मास्तर लमाण म्हणायचे, दाखल्यावर बंजारा, तांड्यावर आम्ही एकमेकांना गोर किंवा गोरमाटी. आणि बाकी सगळे आमच्या बोलीत ‘कोर’. पाहुणा आला की आजी आधी विचारणार, गोर आहे का कोर. कॉलेजला असताना रूमवर मी आईशी फोनवर मराठीतच बोलायचो, राठोड ऐकून कुणी मारवाडी का विचारलं तर हो म्हणून मोकळा व्हायचो. आता माझी मुलगी आमच्या संत सेवालाल महाराजांचा जयघोष, ‘जय सेवालाल’, स्टेटसला ठेवते आणि मैत्रिणींना अर्थ समजावून सांगते. मला तिचा फार अभिमान वाटतो.

वैदर्भी : तांड्यावरचा, छान लिहिलंत. पण मग ‘घिसाडघाई’ पण बंद करायची का? तो घिसाडी लोकांवरूनच आलाय.

कोशवाला : कशावरून? घिसणे म्हणजे घासणे, त्यावरून असणार. जातीशी संबंध लावायची गरज नाही.

भाता : घिसाडी मी आहे, म्हणून लिहितो. आजोबा गाड्यावर भाता, ऐरण घालून गावोगाव फिरायचे. विळ्याला पाणी द्यायचं तर तापलेल्या पात्याचा रंग बघत थांबायचे, तेवढा वेळ कुणी बोललेलं खपायचं नाही, कारण घाई केली की पातं तडकतं. तो शब्द आमच्यावरून आला असेल तर ज्याने केला त्याने आमचं काम कधी जवळून बघितलं नाही, एवढं नक्की.

वैदर्भी : घिसणेवरून असता तर नुसतं घिसघाई झालं असतं, मधला ‘ड’ कुठून आला?

अनघा : अहो, माझं हेडिंग! सध्या ‘सायबर चोर’ लिहितेय पण दारात येऊन दागिने पॉलिश करतो म्हणून घेऊन जाणाऱ्याला ते कसं चालेल?

सोलापूरकर : ‘चोरटा’ लिहा की. कोशवाला, रामोशी कशावरून ते पण सांगा, आमच्यातले रामवंशी म्हणतात.

कोशवाला : रानवासी. रामवंशी नंतर जोडलेलं.

सोलापूरकर : जोडलेलं का असेना, त्यांनी स्वतः जोडलंय ना!