मदत हवी आहे: डी अँझामधून यूसीला जाताना विषय कसे निवडावेत?

नमस्कार मंडळी. लेक क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात जायचं म्हणते आहे. दोन वर्षं तिथे, मग यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. घरून जाता येईल, फीही कितीतरी कमी, त्यामुळे आम्ही दोघंही राजी आहोत. पुण्यातल्या आजीला समजावणं अजून चालू आहे.

प्रवेशाची हमी देणारं ‘टॅग’ डेव्हिस, अर्व्हाइन धरून यूसीच्या सहाच कॅम्पसना आहे, बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. सप्टेंबरमधला तो अर्जही एकाच कॅम्पससाठी करता येतो. तिला जीवशास्त्र करायचंय. ‘असिस्ट’ या वेबसाइटवर कॉलेजच्या आणि यूसीच्या विषयांची जुळणी पाहिली, पण क्वार्टर (सत्र) जेमतेम १२ आठवड्यांचं. त्यात रसायनशास्त्र, कॅल्क्युलस आणि जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल एकदम झेपतं का? तुमच्या मुलांनी पहिल्या क्वार्टरला काय घेतलं होतं? कृपया सविस्तर सांगा.