डॉकएक्सही प्रमाणित आहे, पण कोणतं?

‘वर्डच्या डॉकएक्स या फाइल-प्रकारालाही आयएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता आहे, मग ओडीएफ या खुल्या फाइल-प्रकाराचा आग्रह कशाला?’ असं विचारलं जातं. हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. ओडीएफ २००६ मध्ये प्रमाणित झालं, डॉकएक्स ज्यावर आधारलेलं आहे ते ओओएक्सएमएल २००८ मध्ये, आणि तेव्हा भारताने विरोधात मत दिलं होतं. शिवाय ओओएक्सएमएलचे दोन प्रकार आहेत, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. वर्डमध्ये आपण नेहमीसारखं सेव्ह करतो ते ट्रान्झिशनल, म्हणजे जुन्या आवृत्त्यांचं ओझं वाहणारं.

मला स्वतःला मजकूर हातात राहणं सगळ्यात मोलाचं वाटतं. आईच्या आठवणी टाइप केलेली माझी ओडीटी (ओडीएफमधली मजकुराची) फाइल एकदा काही केल्या उघडेना. जीव घाबरा झाला. शेवटी फाइलच्या नावाचं एक्स्टेंशन .odt होतं ते बदलून .zip केलं, आतली कंटेंट डॉट एक्सएमएल नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळं मराठी युनिकोडमध्ये शाबूत! हे डॉकएक्समध्येही जमतं, पण जुन्या डॉक फाइलमध्ये नाही. तशा जुन्या फाइली वेळीच नव्या प्रकारात बदलून घ्या.