प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे. प्रार्थनेत नेमकं काय मागायचं?

सलाम मंडळी.

मी 47 वर्षांची, कोल्हापूरची. शाळेत मराठी शिकवते, आता अर्धवेळ. दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटेच्या शिफ्टला चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर असते. रविवारची उपासना चुकू नये म्हणून हे वार मागून घेतले. पुण्याच्या एका हॉस्पिटलमार्फत यादीत नाव लावलं त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. अवयववाटपात आपलं कोल्हापूर पुणे विभागात मोडतं, म्हणजे फोन आला की पुणं गाठायचं.

फोन दोनदा आला. पहिला आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. "निघा. आता काही खाऊ-पिऊ नका." बॅग दाराशी भरलेलीच असते. भावानं गाडी काढली. कराड मागं पडेपर्यंत वहिनीनं आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकली होती, आणि मध्यरात्रीसुद्धा भराभर उत्तरं येत होती. प्रभू तुला किडनी देवो, हीच तुझी वेळ असो. मीही मनात तेच म्हणत होते. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि एकदम डोक्यात आलं, या घटकेला कुठल्यातरी हॉस्पिटलच्या जिन्यात कुणाची तरी आई अवयवदानाच्या कागदावर सही करत असेल. मी जे मागतेय ते तिच्या घरातून येणार आहे. पुढं पुण्यापर्यंत माझ्यानं प्रार्थना झाली नाही.

चारला पोहोचलो. क्रॉसमॅचसाठी, म्हणजे देणाऱ्याशी जुळतं का ते बघायला, रक्त घेतलं. एकाचं जुळलं नाही तर वेळ जाऊ नये म्हणून मागं दुसरा पेशंट तयार ठेवतात, ती दुसरी मी होते. पहिल्याचं जुळलं. भाऊ तिथूनच कामावर गेला आणि मी सकाळी स्वारगेटवरून एसटीनं परत आले. दुसऱ्या खेपेलाही हेच झालं.

आमच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मी हे सांगितलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही, आणि ते मला फार बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात घरी आले आणि 139वं स्तोत्र काढलं. तूच माझं अंतर्याम निर्माण केलंस, असं आपण लहानपणापासून म्हणतो. ते म्हणाले, मूळ हिब्रूत तिथं जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ किडन्या. त्या काळी माणसाचं सगळ्यात आतलं, कुणाला न दिसणारं मन तिथं असतं असं मानायचे. मी इतकी वर्षं मराठी शिकवते, पण एका शब्दानं असं रडवलं नव्हतं. जे निकामी झालंय तेच त्यानं आधी हातानं घडवलं होतं.

माझा प्रश्न मात्र तसाच आहे, म्हणून हा धागा. यादीत असणारे, अवयव घेतलेले, दिलेले, घरचे, आणि ज्यांचा विश्वास या आजारात डळमळला तेही, सगळ्यांनी लिहा. तुम्ही काय मागता? स्वतःची, डॉक्टरांची, हॉस्पिटलची नावं नकोत.

यकृताच्या यादीतल्या माणसाची बायको, राजारामपुरी

नवऱ्याला हिपॅटायटिस बी होता, कधी झाला ते कळलंच नाही. ते आयुष्यात दारूला शिवले नाहीत. पण लिव्हर गेलं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत तोच प्रश्न येतो, मंडळीतसुद्धा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझ्यासारख्या आणखी बायका हे ऐकून घेत असतील.

पोटात पाणी भरतं, ते सुईनं काढतात. त्याहून भीती वाटते ती डोक्यावर परिणाम होण्याची. लिव्हर काम करेनासं झालं की अमोनिया रक्तात साठतो, माणूस गोंधळतो, रात्रीचा दिवस करतो. एकदा त्यांनी मला आत्या म्हणून हाक मारली. डॉक्टरांनी सांगितलं, सुरुवात ओळखा, पहिल्याच खुणेला आणा. आता ती ओळखायची कशी? मी आमची एक रीत काढली. रोज झोपताना ते प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणतात आणि मी ऐकते. पाठांतर पाचव्या वर्षापासूनचं, पुसून पुसून किती पुसणार. ज्या रात्री ते रोजच्या भाकरीपाशी अडले, परत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पासून सुरुवात केली आणि परत भाकरीपाशीच अडले, त्या रात्री मी रिक्षा बोलावली. अमोनिया उतरवणारं लॅक्ट्युलोज औषध आणि बाकीचे उपचार सुरू झाले. तिसऱ्या दिवशी कॉटवर पडल्या पडल्या त्यांनी प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. पलीकडच्या कॉटवरचे मामा आमचे कुणी नव्हेत, आमच्या धर्माचेही नव्हेत, पण आमेन त्यांनीही म्हटलं.

मुलगा स्वतःच्या लिव्हरचा भाग द्यायला तयार आहे. देणाऱ्याचं लिव्हर परत वाढतं. पण तपासणीत त्याचं लिव्हर फॅटी निघालं, आधी वजन उतरवा म्हणाले. पोरानं मिसळ सोडली, रविवारचा तांबडा-पांढरा सोडला, रोज पहाटे रंकाळ्याला चालतो. आतापर्यंत सात किलो उतरलंय.

बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी सध्या देवाकडे मुलाचं वजन मागते. याहून मोठं मागायचं बळ नाही.

मुलगा, आई आता नाही

माझं लिहिणं इथं बसेल का माहीत नाही. आई डायलिसिसवर होती, यादीत नाव होतं. कुणीतरी एका आरोग्यसभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करतो म्हणणाऱ्या सभेला, नेलं. तिथं तिला सांगितलं गेलं की मशीनवर जाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, साक्ष द्यायची तर सुई सोडा. आईनं सोडली. आम्ही भांडलो, हातापाया पडलो. नवव्या दिवशी तिला श्वास घेता येईना. पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते. तेव्हा वाचली. पण हृदय कमजोर झालं, भूल सोसणार नाही म्हणून प्रत्यारोपणाचा विषय संपला. चौदा महिन्यांनी गेली.

शेवटपर्यंत म्हणत राहिली, माझाच विश्वास कमी पडला असंल. माझा राग त्यावर आहे. बायबलात प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीन वेळा विनवणी केली आणि काटा काढला गेला नाही, हे त्या सभेत कुणी तिला वाचून दाखवलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता का?

मी चर्चमध्ये जातो, शेवटच्या बाकावर बसतो. काही मागत नाही.

धागा सुरू करणारी

दादा, तुमचं लिहिणं इथं बसतं. तुमच्या आईचा विश्वास कमी नव्हता. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, कुणीही, कितीही मोठ्या आवाजात सांगितलं तरी डायलिसिस सोडू नका. आपल्या भागात मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी 1894 साली दवाखाना उभा केला तो प्रार्थना करणाऱ्या माणसांनीच. माझी आजी तिथं नर्स होती. ती सुई देण्याआधी डोळे मिटायची, पण सुई द्यायचीच.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला, वय 29

मला दिवसाला पाणी सातशे मिली. आदल्या दिवशी जेवढी लघवी तेवढं अधिक पाचशे, असा हिशोब. चहा, आमटी, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं त्यात. शहाळं बंद, उसाचा रस बंद. पाणी जास्त झालं की दोन डायलिसिसच्या मधे वजन चढतं, मग मशीन तेवढं ओढून काढते आणि पायात गोळे येतात, ओरडायला होतं.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते, क्रुसावरचे सात शब्द, म्हणजे येशूची शेवटची सात वचनं. आधी पाचव्या शब्दापर्यंत माझं लक्ष घड्याळाकडं गेलेलं असायचं. या वर्षी त्या उन्हात पाळकांनी पाचवा शब्द वाचला, मला तहान लागली आहे. माझ्या जिभेला कोरड होती, ओठ फुटलेले. तोपर्यंत मला वाटायचं की देवाला सगळं माहीत असतं, पण हे नसेल. त्याला हेही माहीत आहे.

मी काय मागतो? पाणी. तांब्याभर, घटाघटा, न मोजता.

बहीण

कितीदा लिहून पुसलं. बाई, तुमच्या बोगद्यातल्या प्रश्नासाठी आता पाठवते.

माझा भाऊ 31 वर्षांचा होता. शिरोलीजवळ हायवेला दुचाकीवरून पडला. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत होती, हात गरम होता. मस्तिष्कस्तंभ मृत, म्हणजे ब्रेन डेड, म्हणजे काय, हे डॉक्टरांनी आम्हाला तीनदा सांगितलं. चार डॉक्टरांचं पॅनेल असतं, तपासण्या दोनदा करतात, दोन्हींत कमीत कमी सहा तास जाऊ देतात. ते सहा तास मी कधी विसरणार नाही. आई म्हणत होती, चूक निघंल, दुसऱ्यांदा चूक निघंल. निघाली नाही.

दानाचं विचारलं तेव्हा सगळे बापूंकडं बघायला लागले. बापूंचा प्रश्न एकच होता, शेवटच्या दिवशी उठायचं तर देह पुरा नको का? पाळक काही बोलणार तोवर बापूच बोलले. त्यांचा जन्म उसात गेला. म्हणाले, लावण करताना आपण कांडी पुरतो, वर येतो तो ऊस. कांडी कुठं परत मागतो आपण. आणि सही केली. पौलानं पुनरुत्थानाबद्दल बियाणाचं जे लिहिलंय ते मला नंतर पाळकांनी दाखवलं. बापूंना ते वाचून आलं नव्हतं, शेतातून आलं होतं.

दोन किडन्या, लिव्हर, डोळे. कुणाला गेले ते सांगत नाहीत.

आता तुमच्यासाठी. तुमच्या प्रार्थनेनं माझा भाऊ गेला नाही. तो ओल्या रस्त्यावर गेला. तुम्ही मागत होता ते नंतरचं आहे. त्या रात्री आम्हाला एवढाच आधार होता की कुठंतरी कुणीतरी हे मागत बसलंय. कुणी मागतच नसतं तर आम्ही ते कुणाला दिलं असतं? तुम्ही मागा.

कसबा बावड्याची, एक किडनी दिलेली

वरचं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. माझं साधं आहे.

नवऱ्याचा रक्तगट माझ्याशी जुळत नव्हता. इचलकरंजीचं एक मुस्लिम जोडपं होतं, माग चालवतात, त्यांचं आमच्या बरोबर उलट. 2011 साली कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात अशा अदलाबदलीला मान्यता आहे. माझी तिच्या नवऱ्याला, तिची माझ्या नवऱ्याला. समितीपुढं कागद लावताना आमचा चर्चमधला लग्नाचा दाखला आणि त्यांचा निकाहनामा एकाच फायलीत. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. आदल्या रात्री कॉरिडॉरमधे तिची सासू दुआ मागत होती, माझी सासू प्रार्थना करत होती, आणि दोघी एकमेकींचं संपायची वाट बघून मग चहाला गेल्या.

अजून फोन होतो. ती विचारते, तुमची कशी आहे? म्हणजे तिची. मीही तेच विचारते. नवऱ्याच्या गोळ्यांचा गजर सकाळी आठ आणि रात्री आठ, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसला वेळ चुकवून चालत नाही. त्या गजराला मी दोघांचं नाव घेते, त्यांचं आधी.

शाहूपुरीतून, वय 66

वडिलांना आम्ही वेल्लोरला नेलं होतं. भारतातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण 1971 साली तिथंच झालेलं, म्हणून सगळे तिकडंच पाठवायचे. काटपाडी स्टेशनवर उतरलो तेव्हा भाषेचा एक शब्द कळत नव्हता. काकांनी किडनी दिली, पुढं एकोणीस वर्षं चालली. खरं सांगतो, त्या दोन महिन्यांत आम्ही देवाकडं फक्त पैसे मागितले. आता सरकारच्या महात्मा फुले योजनेत डायलिसिस होतं, हे बघून वडिलांची आठवण येते.

आज्जी, नातवाकडून लिहून घेतलेलं

मी 72 वर्साची. नातीच्या किडन्या गेल्यात. आज्जीला बी देता येती असं कायद्यात हाय म्हणून मी म्हटलो, माझी घ्या. डॉक्टर म्हणलं, आज्जी, तुमास्नी बीपी हाय, साखर हाय, तुमची चालायची न्हाई. मी घरला येऊन लई रडलो. इतकी वरसं कष्ट केलं, आन् पोरीच्या उपेगाचं अंगात काय न्हाई.

तिला भाजी करायची म्हंजे आधी चिरून पाण्यात उकळायची, ते पाणी वतून टाकायचं, मग परत शिजवायची. मीठ जवळजवळ न्हाईच. त्यात चव काय ऱ्हाती? तरी ती खाती. भाकरी तेवढी मी ताजी करतो.

बायबलात तो बेथेसदाच्या तळ्याकाठचा माणूस हाय बघा, 38 वरसं पडून होता. पाणी हाललं की दुसराच कोन तरी म्होरं उतरायचा. मला तळ्यात न्यायला माणूस न्हाई, असं तो येशूला म्हणला. आमची पोरगी दोन वरसं झाली यादीत हाय. मी देवाला म्हंतो, तिचा लंबर लागुस्तवर मला हातीपायी धड ठेव. तिला माणूस हाय, मी हाय. मागनं मला कवाबी ने.

धागा सुरू करणारी

सगळं वाचलं. बहिणीचं चार वेळा वाचलं.

काल रात्री वहिनीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, पुढचा फोन येईल तेव्हा ग्रुपवर दोन विनंत्या टाकायच्या. आधी त्या घरासाठी, जिथं सही होते आहे. माझी त्याच्याखाली. आणि माझी स्पष्ट लिहायची, किडनी मिळू दे म्हणून. आता मागायला मला कचरल्यासारखं होणार नाही.

डाव्या हाताच्या फिश्चुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आत भिरभिर लागते. झोपताना ती आहे ना एवढं बघते आणि दिवा मालवते. उद्या शनिवार, पाचला उठायचं आहे. मशीनवर उजवा हात मोकळा असतो, तुम्ही लिहा, मी तिथं वाचेन. हृदयाच्या यादीतलं कुणी असेल तर जरूर लिहा, त्यांचं अजून कुणीच आलेलं नाही.