मेगा नाइट खरंच 'ओपी' आहे का? कार्डाची ताकद मोजायची तरी कशी?

एलिक्सिर_गळती (धागाकर्ता)

क्लॅश रॉयल हा मोबाइल गेम खेळणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपात डोकावा, 'मेगा नाइट हे कार्ड ओपी, म्हणजे अति ताकदवान आहे, काढून टाका' ही बोंब ठरलेली. २०१७ साली तो आला तेव्हापासून ऐकतोय. माझं म्हणणं: तो ताकदवान वाटतो, आहे तेवढा नाही. आपण कार्ड मोजतो ते 'याने माझी किती माणसं मारली' यावर. मोजायला हवं ते 'याला थांबवायला मला किती खर्च आला' यावर.

हिशेब सरळ आहे. मेगा नाइट ७ एलिक्सिरचा (एलिक्सिर म्हणजे कार्ड टाकायला लागणारं, आपोआप भरत जाणारं इंधन). पहिल्या दोन मिनिटांत एक एलिक्सिर भरायला २.८ सेकंद लागतात, म्हणजे त्याची किंमत जवळजवळ वीस सेकंदांची कमाई. एलिक्सिर साठतंच मुळी दहापर्यंत. समोरच्याने तो मागे किंग टॉवरपाशी टाकला की त्याच्या हातात जास्तीत जास्त तीन उरले, तेव्हाच दुसऱ्या लेनमध्ये, म्हणजे बाजूच्या वाटेवर, थेट टॉवरवर धावणारा हॉग सोडायचा. मेगा नाइटला हवेतलं काही मारता येत नाही. ४ एलिक्सिरचा इन्फर्नो ड्रॅगन त्याला निवांत भाजून काढतो. टॉवरची साथ असेल तर ४ चा मिनी पेक्काही पुरतो. सात घालवून चारात गुंडाळलं जाणारं कार्ड ओपी कसं?

लॅडरचा_बकरा

कागदावर सगळं छान हो. पण इन्फर्नो ड्रॅगन हातात असेल तर! डेक आठ कार्डांचा, हातात चारच. एकदा टाकलेलं कार्ड परत यायला मध्ये चार कार्डं खेळावी लागतात. समोरचा मुद्दाम ते कार्ड बाहेर पडायची वाट बघतो आणि मग ब्रिजवर मेगा नाइट आपटतो. वर झॅप मारून इन्फर्नोचा तापलेला झोत पुन्हा शून्यावर आणतो. तुमचे चार वाया, आता काय?

दुसरं म्हणजे मेहनतीचं काय? त्याला बोट नेऊन सोडायचंय फक्त. मला एका सेकंदात ठरवायचंय की काय टाकू आणि नेमकं कुठल्या चौकटीत. तुमच्या हिशेबात फक्त एलिक्सिर आहे, डोकं नाही. जे कार्ड वापरणाऱ्याकडून काहीच मागत नाही आणि समोरच्याकडून सगळं मागतं, ते सात-आठ हजार ट्रॉफीवाल्यांसाठी ओपीच. प्रो काय करतात ते प्रोंना लखलाभ.

नादखुळा_कोल्हापूर

भावा, एक सेकंद लागतो कारण तू घाबरून लांबनं माणसं टाकतोस. उडी मारायला त्याला थोडं अंतर लागतं. ३ एलिक्सिरचा नाइट त्याच्या अगदी अंगाला चिकटवून टाक, उडीच नाही, साधे फटके मारत बसतोय. नाहीतर आइस गोलेम टाकून मैदानाच्या मध्यावर ओढ, दोन्ही टॉवर त्याला शेकतील. चार-पाच मॅच फ्रेंडली खेळून बघ मित्रासंगं, हात बसतोय.

जुना_बूम

मी हर्थस्टोन या दुसऱ्या कार्ड-गेमवाला, त्यामुळे जरा आडवा शिरतो. तिकडे कार्ड जोखायची एक सोपी फूटपट्टी होती: काहीही विशेष न करणारं कार्ड किती मानाला (माना म्हणजे तिथलं एलिक्सिर) किती अंगाचं मिळतं ते बघायचं. चिलविंड येती, ४ मानाला ४ हल्ला आणि ५ जीव. नवं कार्ड आलं की पहिला प्रश्न, येतीपेक्षा अंगाने किती कमी आणि त्या बदल्यात काय देतं?

मग डिसेंबर २०१४ मध्ये डॉक्टर बूम आला. ७ मानाला ७-७, आणि सोबत दोन १-१ चे बॉम्ब, जे मरताना शत्रूवर १ ते ४ चा फटका देतात. त्या वेळी बिग गेम हंटर नावाचं ३ मानाचं कार्ड होतं, ७ किंवा जास्त हल्ल्याचा कोणीही असो, येताक्षणी ठार करणारं. धागाकर्त्यांच्या हिशेबाने बूम भंगारात जायला हवा होता, साताला तीनने मारला ना! प्रत्यक्षात प्रत्येक दुसऱ्या डेकमध्ये बूम. कारण तो मेला तरी दोन बॉम्ब मैदानात उरायचेच. म्हणून नुसतं 'थांबवायला किती लागलं' हे अर्धंच मोजमाप. थांबवल्यावर मागे काय उरलं?

आणि मेगा नाइट खाली आदळतो तेव्हाच फटका देतो हे विसरू नका. तुमचे गोब्लिन, जे काही घोळक्याने येत होतं ते तिथेच साफ. त्यानंतर तुम्ही त्याला चारात मारा की दोनात, त्याने अर्धा पगार आधीच घेतलाय.

एलिक्सिर_गळती

@जुना_बूम, बूमचं उदाहरण चोख, पण फरक आहे. बूमचे बॉम्ब न मागता येतात. मेगा नाइटचा आदळण्याचा फटका वसूल व्हायला समोर घोळका लागतो. तो घोळका कोण देतं? आपणच. मेगा नाइट दिसला की माणसं दोन्ही लेनमध्ये विखरून खेळा, त्याचा पगार आपोआप कापला जातो.

शून्य_मुकुट

तुम्ही सगळे कार्डांची समान लेव्हल धरून बोलताय. लॅडरवर, म्हणजे ट्रॉफी जिंकत वर चढायच्या मॅचमध्ये, तसं असतं का? फायरबॉल आणि मस्केटीअरचं घ्या. दोन्ही ४ एलिक्सिरचे. समान लेव्हलला फायरबॉल खाऊन मस्केटीअर थोड्या जिवावर उभी राहते. फायरबॉल एक लेव्हल वरचा असला की एकाच फटक्यात गेली. एका लेव्हलने अख्खा हिशेब उलटा.

जुन्या लोकांना २०१६-१७ चा रॉयल जायंट आठवत असेल. दर तिसऱ्या मॅचला तोच. तो फार भारी होता म्हणून? तो कॉमन, म्हणजे सहज मिळणारं कार्ड होता म्हणून. कॉमन कार्डं भराभर लेव्हल चढतात, दुर्मिळ लेजेंडरी रखडतात. त्यामुळे लॅडरवरची ताकद म्हणजे कार्डाची ताकद अधिक तुमच्या खिशाची किंवा संयमाची ताकद. हे वगळून ओपी-बिपी बोलण्यात अर्थ नाही.

एलिक्सिर_गळती

लेव्हलचा मुद्दा मान्य, पण तो गेमच्या दुकानाचा दोष झाला, मेगा नाइटचा नाही. लेव्हलची तेरा विरुद्ध चौदा अशी तफावत असेल तर बार्बेरियनही राक्षस वाटतो.

आता खरी ठिणगी टाकतो. मला विचाराल तर गेममधलं सगळ्यात ताकदवान कार्ड मेगा नाइट नाही, पेक्का नाही. लॉग. जमिनीवरून घरंगळत जाणारा दोन एलिक्सिरचा ओंडका.

लॅडरचा_बकरा

😂😂 लॉगने कोणी मॅच जिंकलीय का आजवर?

जुना_बूम

लॉग गरजेचा आहे, ताकदवान नाही. मेंढीकोटात हुकमाची दुरी लाख मोलाची ठरते कधी कधी, म्हणून तिला कोणी एक्का म्हणत नाही.

एलिक्सिर_गळती

हसा. पण एक सांगा, 'लॉग बेट' नावाचा अख्खा डेकप्रकार का आहे? प्रिन्सेस, गोब्लिन गँग, गोब्लिन बॅरल. सगळा खटाटोप कशासाठी? समोरच्याने लॉग चुकीच्या कार्डावर खर्च करावा आणि मग ३ एलिक्सिरचा बॅरल टॉवरवर मोकळा पडावा म्हणून. ज्या कार्डाला हातातून बाहेर काढण्यासाठी लोक आठातली चार-चार कार्डं राबवतात, त्याची ताकद याहून वेगळी कशी मोजणार? मेगा नाइटला चकवण्यासाठी डेक बांधलेला ऐकलाय कधी?

२.६ हॉग हा डेक बघा. हॉग, मस्केटीअर, फायरबॉल हे चार-चारचे, तोफ तीनची, आइस गोलेम आणि लॉग दोन-दोनचे, आइस स्पिरिट आणि सांगाडे एक-एकचे. बेरीज २१, सरासरी २.६. हॉग टाकल्यावर शेवटची चार स्वस्त कार्डं फिरवली की सहा एलिक्सिरात हॉग परत हातात. सतरा सेकंदांचाही प्रश्न नाही. यात एकही कार्ड भीतीदायक दिसत नाही, आणि हा डेक वर्षानुवर्षं टिकून आहे. एकेकटं कार्ड मोजण्याची पद्धतच इथे लंगडी पडते.

शून्य_मुकुट

मग तुमचाच धागा बाद झाला की! एकेकटं कार्ड मोजता येत नाही तर 'मेगा नाइट ओपी नाही' हे तरी कशावरून? बाय द वे, मेगा नाइट आणि रॅम रायडर जोडीने वरच्या लोकांनीही खेळलाय. तो फक्त बकऱ्यांचं कार्ड नाही.

आणि २०२३ च्या जूनमध्ये इव्होल्यूशन (काही फेऱ्यांनंतर येणारं कार्डाचं जास्त ताकदीचं रूप) आल्यापासून किंमतीचा हिशेब आणखी अवघड झालाय. १ एलिक्सिरचे सांगाडे दोनदा फिरवले की तिसऱ्यांदा फटक्यागणिक वाढणारे सांगाडे. त्यांची किंमत एक धरायची, की आधीच्या दोन फेऱ्याही त्यात मिळवायच्या?

एलिक्सिर_गळती

फेऱ्या मिळवायच्या, पण पूर्ण नाही. त्या दोन वेळाही सांगाड्यांनी कोणाला तरी अडवलंच असतं ना. त्यांचा तिथला वापर वजा करून उरेल तेवढंच.

नादखुळा_कोल्हापूर

हे वजाबाक्या करत बसल्यात आणि तिकडं मेगा नाइट टॉवर पाडून गेला. 😄

लॅडरचा_बकरा

वर जाऊन हसरा इमोटपण टाकून गेला. नाइट चिकटवून बघितला आत्ता तीन मॅच. उडी खरंच बंद होते. पण त्याच्या मागून विझार्ड आला की नाइट भाजला जातो, त्याचं काय करायचं ते सांगा. माझ्याकडे फायरबॉल नाही, पॉयझन आहे.

नादखुळा_कोल्हापूर

पॉयझन तिथंच टाक, दोघांवर मिळून. आणि डेक टाक इथं पूर्ण, बघतो.